गावच्या वाचनालयात मुलांसाठी कार्यक्रम घेताना

वाचनालयातील कार्यक्रमाला किती मुले जमली, यापेक्षा त्या दिवशी देवघेवीच्या नोंदवहीत किती पुस्तके चढली, हे पाहावे. टाळ्या वाजवून मुले रिकाम्या हातांनी घरी गेली, तर झाला तो समारंभ, वाचन नव्हे.

प्रथम वेळ ठरवावी. डॉ. अब्दुल कलाम यांच्या जयंतीनिमित्त 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. पण खानदेशात त्याच सुमारास कापसाची वेचणी सुरू होते, आणि अनेक मुले आईवडिलांबरोबर शेतात जातात किंवा घरी धाकट्या भावंडांना सांभाळतात. म्हणून त्या दिवशी आटोपशीर कार्यक्रम करून खरी मालिका उन्हाळ्याच्या सुट्टीत आठवड्यातून एकदा घ्यावी, आणि तीही सकाळी सात ते साडेआठ, कारण पुढे ऊन कोणाला बसू देत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकींबरोबर त्यांची मुलेही येतात. या पाहुण्या वाचकांसाठी महिनाभराचे विनामूल्य सभासदत्व ठेवावे.

कपाटे आदल्या दिवशीच उघडून पुस्तके सतरंजीवर मुखपृष्ठे वर करून मांडावीत. कुलूपबंद काचेआड दिसणारे पुस्तक मूल सहसा मागत नाही. सत्कार, शाल-श्रीफळ आणि अध्यक्षीय भाषण यांना पूर्ण फाटा द्यावा. तेवढ्या वेळात एक गोष्ट होते.

ती गोष्ट आधी घरच्या बोलीत सांगावी: धुळे-अमळनेरकडे अहिराणीत, यावल-रावेरकडे लेवा गणबोलीत, सातपुड्याच्या पाड्यांवर पावरी किंवा भिलीत. पुस्तकातील मराठी हीच अनेक मुलांना दुसरी भाषा वाटते, आणि त्यांच्या न वाचण्याला आपण उगाच आळस म्हणतो. बोलीत गोष्ट कळली की तीच पुस्तकातून सावकाश वाचावी, ऐन उत्कंठेच्या जागी थांबावे आणि पुस्तक मुलांच्या हाती द्यावे. यासाठी त्याच्या निदान तीन-चार प्रती हव्यात. एकच असेल तर चिठ्ठ्या टाकून क्रम लावावा.

ग्रंथपालांना पुस्तक फाटण्याची धास्ती असते, आणि वार्षिक पडताळणीचा विचार करता ती अकारण नाही. कार्यकारी मंडळाच्या ठरावाने देणगीच्या पुस्तकांची वेगळी पेटी करावी, तिची साधी वही मुलांनीच ठेवावी आणि अनामत घेऊ नये.

साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयातील मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढीत. त्याच धर्तीवर भिंतीवर एक पुठ्ठा लावून वाचलेल्या पुस्तकाविषयी मुलांनी चार ओळी लिहाव्यात. शुद्धलेखनाच्या चुका तेथे काढू नयेत. एखाद्या सकाळी गावातील आजींना जात्यावरच्या ओव्या म्हणायला बोलवावे आणि मुलांनी त्या उतरवून घ्याव्यात. निरक्षर बहिणाबाई चौधरींची गाणी आपल्यापर्यंत पोहोचली, ती घरातल्या मुलांनी अशी टिपून ठेवल्यामुळेच. आजींसमोर या वह्या वाचून दाखवणे, हा पुढच्या आठवड्याचा कार्यक्रम.