परदेशी तेलावर वाद घालायचा असेल तर

मी सतरा वर्षं तेलवाहू जहाजांवर होतो. त्यातली शेवटची सहा वर्षं चीफ ऑफिसर म्हणून, म्हणजे टाक्यांत तेल भरून घेणं, उतरवणं आणि ते किती, कुठल्या जातीचं याचा हिशोब ठेवणं हे माझं काम होतं. जहाज सोडल्यापासून मी महाविद्यालयीन मुलांची वादविवाद स्पर्धेची तयारी करून घेतो. ‘देशाने परदेशी तेलावरचं अवलंबित्व संपवावं’ हा विषय शब्द बदलून दर दोन-तीन वर्षांनी येतोच, आणि दोन्ही बाजूंची हुशार मुलं दर वेळी त्याच जागी अडखळतात. त्या जागा आधीच ठाऊक असाव्यात म्हणून हे लिहितो आहे.

तयारीचा निम्मा वेळ एका शब्दावर घालवा: स्वावलंबन. त्याचे तीन अर्थ होतात. बाहेरून एक थेंबही आणायचा नाही, हा पहिला. आणलेल्यातून पाठवलेलं वजा केलं की पारडं आपल्या बाजूला झुकलेलं असावं, हा दुसरा. आणि बाहेर काहीही पेटलं तरी आपली चाकं थांबू नयेत, हा तिसरा. श्रोत्यांच्या मनात तिसरा अर्थ असतो, वक्ता आकडे दुसऱ्या अर्थाचे देतो आणि आश्वासन पहिल्या अर्थाचं देऊन खाली बसतो. तुम्ही कुठल्या बाजूने बोलणार हे महत्त्वाचं नाही. पहिल्या मिनिटात सांगा की तुम्ही कुठल्या अर्थाने बोलता आहात, आणि समोरच्यालाही तेच विचारा.

यासाठी अमेरिकेचं उदाहरण पाठ असू द्या. 1973 मध्ये अरब देशांनी अमेरिकेला तेल बंद केल्यावर त्याच वर्षी नोव्हेंबरात अध्यक्ष निक्सन यांनी ‘प्रोजेक्ट इंडिपेंडन्स’, म्हणजे परदेशी ऊर्जेवाचून भागवण्याचा कार्यक्रम, जाहीर केला, मुदत 1980 ची. ती मुदत हुकली. उलट 2005 मध्ये तिथल्या तेलवापरापैकी सुमारे 60 टक्के तेल निव्वळ आयातीचं होतं. मग शेल खडकातलं तेल निघू लागलं आणि 2020 साली अमेरिका कच्चं तेल व तेलपदार्थ मिळून निव्वळ निर्यातदार झाली. दुसरा अर्थ साध्य झाला. तरीही जून 2022 मध्ये तिथे पेट्रोलच्या सरासरी दराने गॅलनला पाच डॉलर ओलांडले, आणि त्याही वर्षी रोज साठ लाख पिंपांहून अधिक कच्चं तेल बाहेरून येतच होतं.

निर्यातदार देश आयात का करतो? हा प्रश्न परीक्षक हमखास विचारतात आणि मुलं गप्प होतात. उत्तर तेलाच्या जातीत आहे. जड कच्चं तेल टाकीत गार झालं की घट्ट होतं, पंपाने ओढलं जात नाही. म्हणून टाकीच्या तळाला वाफेच्या नळ्यांची वेटोळी असतात आणि बंदर यायच्या कितीतरी दिवस आधीपासून आम्ही तेल ऊन ठेवत असू. हलकं तेल पाण्यासारखं वाहतं, त्याला यातलं काही लागत नाही. हाताळणीतच एवढा फरक, तर शुद्धीकरणात किती असेल! मेक्सिकोच्या आखातालगतचे बरेच शुद्धीकरण कारखाने जड तेलासाठी मोठा पैसा ओतून उभारलेले आहेत, आणि शेलचं तेल हलकं. त्यामुळे घरचं तेल बाहेर जातं आणि बाहेरचं घरी येतं. ‘आपल्याकडे तेल आहे, मग आणायचं कशाला?’ असं कुणी म्हणालं की एवढंच विचारा: कुठल्या जातीचं, आणि कुठल्या कारखान्यासाठी?

यापुढची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. एकदा आम्ही वीस लाख पिंपं भरून निघालो होतो. भर समुद्रात निरोप आला की माल विकला गेला आहे, बंदर बदला. आठवड्याने पुन्हा तसाच निरोप. जिथे माल उतरवला ते बंदर निघताना कुणाच्या मनातही नव्हतं. त्या धंद्यात यात नवल काहीच नाही. ही आठवण मी प्रत्येक तुकडीला सांगतो, कारण जहाजातल्या तेलाचं स्वरूप त्यातून लगेच कळतं. जगाचा तेलबाजार म्हणजे एक तळं आणि प्रत्येक देशाचा त्याला आपापला घाट. पाणी उतरलं की सगळ्याच घाटांवर उतरतं. 1973 मध्ये अरब उत्पादकांनी अमेरिका आणि नेदरलँड्सला तेल बंद केलं, ब्रिटन आणि फ्रान्सला मात्र मित्र मानून पुरवठा जवळपास चालू ठेवला. पण पिंपाला सुमारे तीन डॉलर असलेला भाव जानेवारी 1974 पर्यंत बाराच्या जवळ गेला, आणि तो मित्रांनाही मोजावा लागला.

म्हणून प्रस्तावाच्या बाजूने बोलणार असाल तर ‘देशात तेल काढलं की स्वस्त मिळेल’ हा मुद्दा आजच वहीतून खोडा. देशातला उत्पादकही जगाच्या भावानेच विकतो. सरकारने भाव दाबला तर ती तूट कुणीतरी भरतं, आणि कोण भरतं हे सांगायची जबाबदारी तुमच्यावर येते.

त्या बाजूचा खरा जोर वेगळीकडे आहे. भाव चढणं वेगळं आणि माल न मिळणं वेगळं. जपानचं 80 टक्क्यांच्या आसपास तेल अमेरिकेतून येत असे. 1941 च्या उन्हाळ्यात ते बंद झालं आणि त्याच डिसेंबरात जपानने पर्ल हार्बरच्या अमेरिकी नौदल तळावर हल्ला केला. कारणं एवढीच नव्हती, पण तेल संपत चाललेला देश कसा विचार करतो हे त्यात दिसतं. दुसरा जोर होर्मुझचा, म्हणजे इराणच्या आखातातून बाहेर पडायच्या चिंचोळ्या समुद्रवाटेचा. 2024 मध्ये त्या सामुद्रधुनीतून रोज सुमारे दोन कोटी पिंपं जात होती, म्हणजे जगाच्या वापराचा पाचवा हिस्सा. सर्वांत अरुंद जागी ती 33 किलोमीटर आहे. पण जाणाऱ्या आणि येणाऱ्या जहाजांच्या आखलेल्या वाटा प्रत्येकी दोनच सागरी मैल रुंद. रात्री ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या वरच्या कक्षात, उभं राहिलं की पुढच्या-मागच्या जहाजांचे दिवे ओळीने दिसायचे, आणि त्या ओळीत एकही बोट आडवी आली तर काय होईल हा विचार मला दर फेरीला यायचा. यात अतिशयोक्तीची गरजच नाही, फक्त वाटेची रुंदी सांगा.

विरोधात असाल तर चर्चिलपासून, तेव्हाच्या ब्रिटिश नौदलमंत्र्यापासून, सुरुवात करा. ब्रिटिश नौदलाने देशातला कोळसा सोडून परदेशी तेल धरलं, तेव्हा 1913 मध्ये संसदेत त्याने मांडलेला मुद्दा असा की कुठल्याही एका देशावर, एका मार्गावर, एका तेलक्षेत्रावर विसंबायचं नाही. सुरक्षितता विविधतेत आहे. प्रतिपक्ष लगेच म्हणेल की त्याच सरकारने पुढच्या वर्षी इराणमधलं तेल काढणाऱ्या अँग्लो-पर्शियन कंपनीत निम्म्याहून जास्त हिस्सा विकत घेतला. त्याची तयारी ठेवा. विविधता आणि मालकी दोन्ही लागतात, असं मान्य केलंत तर तुमचं काहीच बिघडत नाही. दुसरा आधार साठ्यांचा. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था 1974 मध्ये, आदल्या वर्षीच्या तेलबंदीच्या धक्क्यातून जन्मली, आणि तिच्या सदस्यांना निव्वळ आयातीच्या 90 दिवसांइतका साठा ठेवावा लागतो.

स्वावलंबनाची किंमतही सांगा. दक्षिण आफ्रिकेने 1950च्या दशकापासून कोळशापासून द्रवइंधन बनवलं. निर्बंधांच्या काळात ते टिकलं, पण भांडवल अफाट लागलं आणि धूरही अफाट झाला. ब्राझीलने 1975 मध्ये उसाच्या इथेनॉलचा कार्यक्रम घेतला. पण 1989 च्या सुमारास इथेनॉलच कमी पडलं आणि निव्वळ अल्कोहोलवर चालणाऱ्या गाड्यांवरचा लोकांचा विश्वास उडाला. 2003 पासून कुठलंही मिश्रण चालणाऱ्या गाड्या आल्या, तेव्हा तो हळूहळू परतला. हे उदाहरण दोन्ही बाजूंना वापरता येतं, म्हणून ते अर्धंच सांगणारा पकडला जातो.

आता एक चूक, जी मी स्वतः परीक्षक असताना सर्वांत जास्त वेळा ऐकली: ‘सौरऊर्जा वाढवा, तेलाची आयात घटेल.’ जगातली जेमतेम तीन टक्के वीज तेलापासून होते. तेलाचा निम्म्याहून जास्त वापर वाहतुकीत आहे. छपरावर पॅनेल बसवून कोळसा वाचतो, गॅस वाचतो, पण खाली उभी गाडी पेट्रोलवरच असेल तर तेल वाचत नाही. फ्रान्सने 1974 नंतर अणुभट्ट्या उभारून दोन-तृतीयांशाहून जास्त वीज अणूपासून मिळवली, गाड्या मात्र तेलावरच राहिल्या. पॅनेलचा मुद्दा मांडायचाच असेल तर मधली कडी, म्हणजे विजेवरची वाहनं आणि रेल्वे, स्वतःच्या तोंडाने जोडा.

ती जोडलीत की पुढचा हल्ला ठरलेला: पॅनेल आणि बॅटऱ्या चीनच्या. हे खरं आहे. पॅनेल बनवण्याच्या प्रत्येक टप्प्यात चीनचा वाटा 80 टक्क्यांच्या पुढे आहे. इथे नाकारू नका, फरक दाखवा. तेल रोज जळतं आणि रोज आणावं लागतं. पॅनेल एकदा आलं की वीस-पंचवीस वर्षं चालतं. पुरवठा थांबला तर नवी बांधकामं अडतील, चालू दिवे विझणार नाहीत. विरोधकाने मात्र सुट्या भागांचा आणि खनिजशुद्धीकरणाचा प्रश्न लावून धरावा, तिथे त्याला जागा आहे.

गॅसला तेलासारखं धरू नका. 2022 मध्ये रशियाचा गॅस आटल्यावर युरोपला जे सोसावं लागलं ते नळामुळे, म्हणजे गॅस पाइपलाइनने येत होता म्हणून. जहाजाला बंदर बदलता येतं, नळाला दुसरं टोक नसतं. जर्मनीने विल्हेल्म्सहाफेनला द्रवरूप गॅस उतरवायचं तरंगतं टर्मिनल वर्षाच्या आत उभं केलं, ते याचसाठी.

आकड्यांचं थोडक्यात. प्रत्येक आकड्यापुढे वर्ष लिहा. टक्का कशाचा हे लिहा: एकूण ऊर्जेचा, एकूण तेलाचा की फक्त कच्च्या तेलाचा. पिंप म्हणजे सुमारे 159 लिटर, हे लक्षात असलं की उलटसुलट आकडे ऐकतानाच खटकतात.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी मुलांच्या बाजू बदलतो. विरोधातला बाजूने बोलतो, बाजूचा विरोधात, पूर्ण सहा मिनिटं, हातात कागद न घेता. जोडीदार फक्त एवढंच टिपतो की बोलणारा कुठे थांबला. मग त्या टिपणातल्या पहिल्या दोन जागा घेऊन आम्ही बसतो, आणि त्या दिवशी बाकी काही करत नाही.