महाराष्ट्रातली गाडी गोव्याच्या नंबरावर घेताना या चुका टाळा

पुण्या-कोल्हापुराहून नोकरीसाठी पर्वरीत किंवा वेर्ण्यात येऊन राहिलेल्या माणसाला गाडीची नोंदणी आठवते ती पोलिसाने पहिल्यांदा अडवून "गोव्यात किती दिवस झाले?" असं विचारल्यावर. मग तो कागद गोळा करून वाहतूक खात्याच्या कचेरीत जातो, खिडकीवरून परत येतो आणि कचेरीच्या नावाने बोटं मोडतो. बऱ्याचदा ते अन्यायाचं असतं. काम अडतं म्हापशात किंवा मडगावात, पण चूक झालेली असते मूळ आरटीओत, गाव सोडण्याच्या आधी. म्हणून खाली लिहिलंय त्यातलं बरंचसं घाट उतरण्यापूर्वी करायचं आहे.

बारा महिने कोणाचे मोजायचे

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ४७ सांगतं की एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त काळ ठेवली तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. इथे लोक दोन टोकांना जातात. काही जण आल्या आल्या घाबरून एजंट शोधतात. काही जण चवथीला (गणेश चतुर्थीला) गावी जाऊन आलं की वर्ष पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं असं धरून चालतात. कायदा गाडी कुठे ठेवलेली असते ते बघतो, ती मध्ये कुठे फिरून आली ते नाही.

याच कारणाने बांदा, सावंतवाडी, दोडामार्गहून रोज गोव्यात कामाला येणाऱ्यांनी उगाच धास्ती घेऊ नये. रात्री गाडी घरी, सिंधुदुर्गात उभी राहत असेल तर ती गोव्यात "ठेवलेली" नाही. सर्व्हिसिंगची आणि विम्याची कागदपत्रं तिकडच्या पत्त्यावर असली की रस्त्यावरचं बोलणं लवकर मिटतं. मात्र महिन्याला भाडं देऊन म्हापशात राहायचं आणि पोलिसाला "मी बांद्याहून येतो" म्हणायचं, हे फार काळ चालत नाही. वाहन चालवण्याचा परवाना ही वेगळी गोष्ट आहे. तो देशभर चालतो, नंबर बदलला म्हणून तो बदलावा लागत नाही.

एनओसी चुकीच्या कचेरीच्या नावाने

मूळ आरटीओकडून फॉर्म २८ वर ना हरकत दाखला (एनओसी) घ्यायचा असतो, आणि अर्जात गाडी कुठल्या कचेरीकडे जाणार ते लिहावं लागतं. तिथेच गडबड होते. पर्वरीत राहणारा माणूस सरळ "पणजी" लिहितो, कारण पूल ओलांडला की पणजी. पण पर्वरी बार्देश तालुक्यात आणि पणजी तिसवाडीत. बार्देशची कचेरी म्हापशाला, नंबर जीए ०३. मोरजी-हरमल पेडण्यात, तिथला नंबर जीए ११. फोंड्याचा ०५, वास्कोचा ०६.

दाखला एकदा निघाला की नाव बदलणं कटकटीचं. तो रद्द करायचा तर ज्या कचेरीच्या नावाने काढला तिच्याकडून "हा दाखला आमच्याकडे वापरलेला नाही" असं लिहून आणावं लागतं, मग मूळ आरटीओ तो रद्द करते, मग नवा अर्ज. भाड्याचं घर पक्कं झाल्यावर त्या भागाच्या कचेरीत जाऊन "दाखला कुणाच्या नावे आणू?" एवढं आधी विचारून घ्या.

दाखला काढून वर्षभर कपाटात ठेवणं हीदेखील नेहमीची चूक आहे. तो निघताच सरकारच्या ‘वाहन’ या ऑनलाइन पोर्टलवर गाडीपुढे तशी नोंद पडते आणि जुन्या आरटीओतली इतर कामं थांबतात. पत्ता बदलणं नाही, कर्जाची नोंद काढणं नाही. गाडी ना इकडची ना तिकडची.

दाखलाच मिळत नाही तेव्हा काय तपासायचं

अर्ज करताना ओटीपी येत नसेल तर पोर्टलवर कोणाचा मोबाईल नंबर आहे ते बघा. शोरूममधून गाडी घेताना कितीदा तरी डीलरच्या माणसाचाच नंबर टाकलेला असतो. तो आधी बदलून घ्या, त्यासाठी चेसिस आणि इंजिन नंबर हाताशी लागतो.

मग ई-चलन. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या वेगाच्या कॅमेऱ्यांनी नकळत गोळा केलेली चलनं इथे बाहेर येतात. सगळी भरा, आणि पावत्या जपून ठेवा, कारण भरलेलं चलन पोर्टलवरून उतरायला कधीकधी वेळ लागतो.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते कर्जापाशी. कर्ज फिटलं म्हणून बँकेने दिलेलं पत्र घरात असतं, पण आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) बँकेचं नाव तसंच असतं. ते नाव फॉर्म ३५ देऊन आरटीओतून काढून घ्यावं लागतं, आपोआप जात नाही. कर्ज चालू असेल तर बँकेची संमती लागते, गाडी दुसऱ्या राज्यात न्यायला हरकत नाही अशी. हे पत्र वेगळं, कर्जफेडीचं पत्र वेगळं. गोव्यातल्या शाखेत गेलात तर बहुधा मूळ शाखेकडे बोट दाखवतील, म्हणून हे काम निघण्याआधीच. बँकेच्या पत्रावर मुदत लिहिलेली असते, तीही वाचा.

गाडी चोरीची नाही याचा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा अहवाल ऑनलाइन मिळतो. त्यात चेसिस नंबर टाकताना शून्य की ओ असा घोळ होतो. १७ अक्षरी चेसिस नंबरात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं वापरतच नाहीत, त्यामुळे गोल दिसलं की शून्य आणि उभी रेघ दिसली की एक. इंजिन नंबराला हा नियम लागू नाही. तिथे गाडीवर कोरलेलंच वाचायचं.

गोव्यातल्या खिडकीवर

इथे फॉर्म २७ (नव्या नंबराचा अर्ज), दाखला, मूळ आरसी, चालू विमा, चालू पीयूसी आणि पत्त्याचा पुरावा लागतो. गाडीही न्यावी लागते. चेसिसचा पेन्सिल ठसा घेतात आणि तो कागदाशी जुळवून बघतात. बाहेरून बसवलेलं सीएनजी किट किंवा बदललेला रंग आरसीवर चढवलेला नसेल तर तपासणीतच काम थांबतं. काचांवरची काळी फिल्म घरीच काढून जा.

पत्त्याच्या पुराव्यावर बरेच जण गार होतात. विजेचं बिल घरमालकाच्या नावावर, आणि घरमालक भाडेकरार नोंदवायला तयार नाही. घर घेतानाच हे बोलून ठेवा. डिपॉझिट दिल्यावर करार मागितला की त्याचा सूर बदलतो.

चवथीच्या आधीचा आठवडा मात्र टाळा. निम्मं गोवा माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या बाजारात असतं.

पुन्हा कर भरावा लागणार हे ऐकून लोक चिडतात. महाराष्ट्रात एकरकमी भरलेला कर इथे चालत नाही. गोवा गाडीचं वय आणि किंमत बघून आपला कर घेतो. त्यावर खिडकीशी वाद घालून उपयोग नाही, जुन्या करातला परतावा मागणं हाच मार्ग, त्याबद्दल शेवटी. गाडी १५ वर्षांच्या जवळ आली असेल तर आधी गणित मांडा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे फिटनेस तपासून ५ वर्षांनी नूतनीकरण, आणि १ एप्रिल २०२२ पासून त्याचं शुल्क बरंच वाढलेलं आहे. अशी गाडी कधीकधी महाराष्ट्रातच विकून टाकणं स्वस्त पडतं.

केंद्र किंवा राज्य सरकारात, सैन्यात किंवा चार वा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपनीत असाल तर बीएच (भारत) मालिकेचा विचार करा, राज्य बदललं तरी तो नंबर बदलावा लागत नाही. ती १५ सप्टेंबर २०२१ पासून सुरू झाली आणि डिसेंबर २०२२ च्या दुरुस्तीनंतर जुन्या गाड्यांनाही खुली झाली. कर दोन-दोन वर्षांचा भरायचा असतो, त्याची तारीख मात्र तुम्हालाच लक्षात ठेवावी लागते.

जुनी गाडी विकत घेताना

पुण्या-मुंबईची वापरलेली गाडी स्वस्त मिळाली म्हणून घेणारे गोवेकर एक चूक हमखास करतात: विकणाऱ्याने सही करून दिलेले मालकी बदलाचे कोरे फॉर्म २९ आणि ३० घेऊन घरी येतात, आणि दाखला "नंतर पाठवतो" यावर विश्वास ठेवतात. गाडी दुसऱ्या राज्यात विकली तर विकणाऱ्याने ४५ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं. गोव्यातल्या कचेरीच्या नावाचा दाखला हातात पडेपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका. सही आरसीवरच्या नावाच्याच माणसाची आहे, हेही समोर बसून बघा.

नवा नंबर मिळाल्यावर

नंबर आला की लोक मोकळे होतात, आणि विमा जुन्याच नंबरावर राहतो. अपघात झाला की दाव्याच्या वेळी खुलासे देत बसावं लागतं. विमा कंपनीला नवी आरसी पाठवून पॉलिसीवर बदल चढवून घ्या. मुंबई-पुण्याच्या गाड्या विम्याच्या अ झोनमध्ये येतात, गोवा ब झोनमध्ये, त्यामुळे पुढच्या नूतनीकरणाला झोन बदलला का तेही विचारा. फास्टॅगही जुन्या नंबराला बांधलेला असतो, तोही बदलायचा. नंबरप्लेट अधिकृत उच्च सुरक्षा पाटीचीच लावा, कोपऱ्यावरच्या स्टॉलची नको.

आणि परतावा. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीलाही ११ टक्के कर भरलेला असतो, आणि गाडी राज्याबाहेर गेली की उरलेल्या काळाच्या हिशोबाने काही रक्कम परत मागता येते. अर्ज मूळ आरटीओकडे करायचा, सोबत नवी आरसी, दाखल्याची प्रत, कर भरल्याची पावती आणि बँक खात्याचा तपशील. मूळ आरसी गोव्यात जमा करण्याआधी तिच्या दोन्ही बाजूंचे स्कॅन काढून ठेवलेत तरच हा अर्ज सुरळीत जातो.