शिरेतून नशा करणाऱ्या रुग्णाला घरी राहून अँटिबायोटिकचा कोर्स कसा पुरा करून द्यावा

हृदयाच्या झडपेचा संसर्ग, मणक्याच्या हाडातला संसर्ग, सांध्यात झालेला पू. या तिन्हींचा कोर्स बहुधा चार ते सहा आठवड्यांचा असतो आणि जंतू बऱ्याचदा स्टॅफिलोकॉकस ऑरियस. एवढे दिवस वॉर्डात काढणं कुणालाही जड जातं. शिरेतून नशा करणाऱ्या रुग्णाबद्दल मात्र 'पिक लाइन (दंडाच्या शिरेतून हृदयाजवळ नेलेली, आठवडेच्या आठवडे राहणारी नळी) ठेवून घरी पाठवलं तर त्यातूनच घेईल' ही भीती आडवी येते. प्रत्यक्षात कोर्स अर्धवट सोडायला मोठं कारण असतं टर्की, म्हणजे नशा थांबल्यावर होणारा अंगाचा त्रास. म्हणून सुरुवात तिथूनच करा.

ब्राउन शुगरच्या शेवटच्या डोसनंतर १२ ते २४ तास थांबा. जांभया, घाम, अंगदुखी, मोठ्या झालेल्या बाहुल्या दिसू लागल्या की ब्युप्रेनॉर्फिन (टर्की शमवणारं औषध) २ ते ४ मिलिग्रॅम जिभेखाली द्या आणि तास-दोन तासांनी पाहून पुन्हा द्या. घाई केली तर औषधच टर्की उसळवतं आणि रुग्णाचा विश्वास पहिल्याच दिवशी जातो. डिस्चार्जच्या आधी ओएसटी केंद्राशी (नशेच्या जागी देखरेखीखाली औषध देणाऱ्या केंद्राशी) बोलून उद्याची गोळी तिथे नक्की मिळेल याची खात्री करा. चिठ्ठी हातात देणं पुरेसं नाही.

ओएसटी केंद्रात गोळी सुरुवातीला रोज समोरच दिली जाते. याचा फायदा घ्या: दिवसातून एकदाच लागणारं अँटिबायोटिक निवडा आणि दोन्ही डोस एकाच फेरीत बसवा. स्ट्रेप्टोकॉकस असेल आणि संवेदनशीलता जुळत असेल तर सेफ्ट्रियाक्झोन २ ग्रॅम. रक्तात किंवा झडपेवर एमआरएसए (नेहमीच्या औषधांना न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस) असेल तर डॅप्टोमायसिन दर किलोला ८ ते १० मिलिग्रॅम, दर आठवड्याला सीपीके (स्नायूंना इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी) तपासून. डॅप्टोमायसिन न्यूमोनियात चालत नाही, कारण फुप्फुसातलं सरफॅक्टंट त्याला निकामी करतं. उजव्या झडपेवरून फुप्फुसात गेलेल्या संसर्गाच्या गुठळ्यांवर मात्र ते चालतं. साध्या स्टॅफसाठी (एमआरएसए नसलेल्या) सेफाझोलिन २ ग्रॅम दर आठ तासांनी उत्तम, पण तीन फेऱ्या बाहेरच्या रुग्णाला झेपत नाहीत. तरीही झडपेच्या स्टॅफवर सेफ्ट्रियाक्झोनने वेळ मारून नेऊ नका.

घरी कुणाला पाठवावं? ताप उतरलेला, रक्ताचं कल्चर निगेटिव्ह, लगेच शस्त्रक्रियेची गरज नाही, राहायला जागा आणि लागणारा फोन. डाव्या झडपेचा संसर्ग असेल तर पहिले दोन आठवडे आतच ठेवा, कारण मेंदूत गुठळी जाण्याचा धोका तेव्हाच सर्वांत जास्त.

सेफ्ट्रियाक्झोन किंवा डॅप्टोमायसिनसाठी पिक लाइन लागतेच असं नाही. शीर सापडत असेल तर रोज साधी सुई लावून डोसनंतर काढा. लाइन घातलीच तर एकाच नळीची घ्या. जास्त नळ्या म्हणजे जास्त संसर्ग आणि जास्त गुठळ्या. प्रत्येक वेळी नळीचं तोंड अल्कोहोलने १५ सेकंद घासा, वाळू द्या, मग १० मिलिलिटर सलाईन थांबत-ढकलत द्या. सिरिंज १० मिलिलिटरचीच हवी, कारण लहान सिरिंजच्या दाबाने नळी फुटू शकते. पारदर्शक ड्रेसिंग सात दिवसांनी बदला, कापसाचं दोन दिवसांनी, आणि ओलं झालं किंवा सुटलं तर लगेच. बाहेर दिसणाऱ्या नळीची लांबी दर वेळी मोजून लिहा. ती वाढली असेल तर आतलं टोक सरकलं आहे. एक्स-रे होईपर्यंत औषध देऊ नका.

रुग्णाशी स्पष्ट बोला: लाइनमधून घेऊ नको. पण घेतलंसच तर नळीचं तोंड घास, आधी आणि नंतर १० मिलिलिटर सलाईन ढकल आणि आम्हाला सांग, हाकलून देणार नाही. शिक्षेच्या भीतीने लपवलेली गोष्ट थेट रक्तापर्यंत पोचते. नव्या सुया, निर्जंतुक पाणी आणि नॅलोक्झोन (ओव्हरडोस उतरवणारं औषध) जवळ असू द्या. सुई चाटू नये, नळाचं पाणी आणि लिंबाचा रस वापरू नये, हेही सांगा. त्यांतून अनुक्रमे तोंडातले जंतू, सुडोमोनास आणि कँडिडा रक्तात जातात.

फ्लश दिल्यावर तासाभरात थंडी वाजून ताप आला तर लाइनमधून आणि दुसऱ्या हातातून, दोन्हीकडून कल्चर घ्या. लाइनचं कल्चर हातातल्या कल्चरपेक्षा निदान दोन तास आधी पॉझिटिव्ह आलं तर दोष लाइनचा, ती काढा. दंड सुजला तर डॉपलर (शिरेतली गुठळी पाहणारी सोनोग्राफी) करा.

गोळ्यांचा पर्याय विसरू नका. २०१९ मध्ये ओव्हिव्हा चाचणीने हाडासांध्यांच्या संसर्गात तोंडावाटे उपचार शिरेतल्या उपचारांइतकेच चालतात असं दाखवलं. त्याच वर्षीच्या पोएट चाचणीने डाव्या झडपेच्या स्थिर रुग्णांत तेच दाखवलं, पण त्या ४०० जणांत शिरेतून नशा करणारे जेमतेम पाच होते. तिथे सावध राहा. रिफॅम्पिसिन देणार असाल तर ओएसटी केंद्राला आधी कळवा. ते मेथाडोन (ओएसटीतलं दुसरं औषध) आणि ब्युप्रेनॉर्फिन दोन्हींची रक्तातली पातळी पाडतं, टर्की परत येते आणि रुग्ण निघून जातो. लिनेझोलिड दोन आठवड्यांपुढे गेलं तर दर आठवड्याला प्लेटलेट तपासा; मेथाडोन किंवा ट्रामाडॉल चालू असेल तर लिनेझोलिड टाळलेलं बरं.

रुग्ण मध्येच जाणार असं दिसलं तर कल्चरनुसार गोळ्या आधीच लिहून हातात ठेवा. लाइन शेवटच्या डोसच्याच दिवशी काढा.