हेलसिंकीत समुद्रसफर, तीही ट्रामच्या तिकिटात

हेलसिंकीला गेलेले अनेक पर्यटक समुद्र पाहण्यासाठी सफरीच्या बोटीचे महागडे तिकीट काढतात. वस्तुतः बंदरालगतच्या काउप्पातोरी या बाजारचौकातून सुओमेनलिन्ना या सागरी किल्ल्याकडे जाणारी फेरीबोट शहराच्या सार्वजनिक वाहतुकीचाच भाग असून, ट्राम-मेट्रोसाठी घेतलेले ‘एबी’ या भाडे-विभागाचे दिवसभराचे तिकीट तिच्यावरही चालते. तिकीट बोटीत चढण्यापूर्वीच काढावे, सुमारे १५ मिनिटांच्या प्रवासात (गारठा सोसवत असेल तर) उघड्या डेकवर उभे राहावे आणि उतरल्यावर दक्षिण टोकाच्या राजद्वारापर्यंत रमतगमत चालत जावे. तटबंदीत हिंडण्यास शुल्क नाही, संग्रहालयांचे मात्र वेगळे पैसे पडतात. भुयारांत मिट्ट काळोख असतो, म्हणून लहान विजेरी सोबत ठेवावी. तटावर ठिकठिकाणी कठडे नाहीत, तेथे मुलांचा हात सोडू नये.