टमी टकचे टाके आणि डाग: या चुका टाळा की ओ बायांनो

टमी टक म्हणजे पोटाची सैल पडलेली जादा चामडी कापून काढायचं ऑपरेशन. मी छत्रपती संभाजीनगरला एका दवाखान्यात ड्रेसिंगचं काम करते. बीड, जालना, परभणी, कुठून कुठून बाया येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला, "सिस्टर, डाग लई दिसंल का?" दिसणार. एका कमरेच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत आडवी रेघ, चड्डीच्या इलॅस्टिकखाली झाकेल एवढी खाली, आणि बेंबीभोवती एक गोल. पूर्ण गायब करून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. पण ती रेघ बारीक राहती का रुंद होती, त्यातलं बरंच तुमच्या हातात असतंय.

सगळ्यात मोठी चूक मिश्री. फॉर्मवर तंबाखू विचारलं की बिनधास्त "नाही", कारण मिश्री म्हणजे दात घासायचं, ते कुठं व्यसन! अहो, भाजलेली तंबाखूच आहे ती. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आवळतात, आणि या ऑपरेशनात वरची चामडी सोडवून खाली ओढतात म्हणून बेंबीखालच्या मधल्या भागाला रक्त आधीच लांबून येतं. आमच्याकडं एक मावशी आलत्या, लेकीच्या लग्नाआधी उरकायचं म्हणून घाई. डॉक्टरनं दोनदा खोदून विचारलं, दोन्हीदा नाही. ऑपरेशन मस्त झालं. मग एका सकाळी ड्रेसिंग उघडलं तर रेघेच्या मधोमध जांभळट चट्टा, आणि चादर झटकली तर उशीखालून डबी पडली. मावशी म्हणल्या, "मिश्रीबिगर संडासला होत नाही ओ, अन् थोडीच तर लावते." सून बाजूलाच उभी, तिला सगळं माहीत होतं, सासूच्या धाकानं बोलली नाही. ती चामडी पुढं काळी पडली, कापून काढावी लागली, जखम आतून भरत यायला महिने गेले आणि बारीक रेघेच्या जागी रुंद, ओढल्यासारखा पट्टा राहिला. लग्नात मावशी बसूनच होत्या. ऑपरेशनच्या आधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे मिश्री, गुटखा, सिगारेट सगळं बंद. निकोटिनचं च्युइंगगमसुद्धा. मी आता तंबाखू खाता का असं विचारतच नाही, सकाळी दात कशानं घासता ते विचारते.

दुसरं, "रेघ छोटी घ्या" हा हट्ट. रेघेची लांबी जादा चामडीवर ठरती. बळंच छोटी घेतली की दोन्ही टोकांना चामडीचा फुगवटा राहतो, डॉक्टर त्याला डॉग इअर म्हणतात, आणि तो काढायला परत टोकं वाढवावीच लागतात. मिनी टमी टक, म्हणजे छोट्या रेघेचं ऑपरेशन, फक्त बेंबीखाली थोडं सैल असलेल्यांसाठी. सिझरची जुनी खूण मात्र बऱ्याचदा कापलेल्या चामडीबरोबर निघून जाती, हे ऐकलं की बायांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

तिसरं, टँकर आला की हंडा उचलणं. सहा आठवडे जड काही उचलायचं नाही म्हणजे नाही, टाके निघाले म्हणजे आतलं जुळलं असं नसतंय. पाणी कोण भरणार ते घरात आधी ठरवा, मगच तारीख घ्या. तसंच सुरुवातीचे दिवस थोडं वाकूनच चालायचं, "ताठ चाल गं" म्हणणाऱ्या आत्याबाईंना चहा पाजा आणि वाटेला लावा.

परकराची नाडी बेंबीच्या टाक्यांवर घासती, तेव्हा गाऊन घाला. पोटाला बांधायचा पट्टा डॉक्टर सांगतील तितके आठवडे, पण खाली सुती कापड पाहिजे, मे महिन्यात घामानं पुरळ येतं. हळद, खोबरेल, मेडिकलवाल्यानं दिलेली स्टिरॉइडची ट्यूब, काहीच लावायचं नाही. जखम पूर्ण मिटली की सिलिकॉनची पट्टी नाहीतर जेल, पट्टी दिवसातून बारा तास तरी, दोन-तीन महिने. आठ दिवस लावून "फरक नाही" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात रेघ लाल, जाड, खाजरी होती, तेव्हाच सगळ्यांचे रडके फोन येतात. फिकट व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं. कान टोचल्यावर गाठ आली असंल तर मात्र ऑपरेशनआधीच सांगा, केलॉइडची चामडी असू शकती, म्हणजे जखमेच्या जागी जाड गाठ वाढत जाणारी. आणि ताप, पू, वास, एका बाजूला पाणी साठल्यासारखी सूज, पोटरी दुखणं किंवा दम लागणं, यातलं काहीही झालं तर व्हॉट्सॲपवर फोटो पाठवत बसू नका, रात्र असली तरी दवाखाना गाठा.