सीबीसीच्या कागदावरून दम्याचा स्वभाव कसा ओळखायचा

घरात दमा असेल तर फाईलमध्ये सीबीसीचा (रक्तातल्या पेशी मोजणारी तपासणी) एक तरी कागद असतोच, तो आधी काढा. त्यात टीएलसी (एकूण पांढऱ्या पेशी) आणि इओसिनोफिलची (त्याच पांढऱ्या पेशींतली एक जात) टक्केवारी शोधा, दोन्हीचा गुणाकार करून १०० ने भागा. आईच्या रिपोर्टमध्ये ८,२०० आणि ६ टक्के होते, लॅबवाला म्हणाला सगळं नॉर्मल, पण हिशोब केला तर ४९२! दम्यात ३०० च्या वर गेलं की डॉक्टर कान टवकारतात.

का ते सांगतो. श्वासनळीचं अस्तर म्हणजे नुसतं भिंतीचं प्लास्टर नाही, धूळ, परागकण नाहीतर सर्दीचा व्हायरस लागला की त्यातल्या पेशी टीएसएलपी आणि आयएल-३३ ही निरोप देणारी रसायनं सोडून बोंब मारतात, मग आतल्या पेशी आयएल-४, ५ आणि १३ ही तसलीच रसायनं सोडायला लागतात. चार नंबर आयजीई (ॲलर्जीची अँटीबॉडी) वाढवतो, पाच नंबर अस्थिमज्जेतून इओसिनोफिल मागवतो आणि त्यांना मरूही देत नाही, आणि तेरावा (नावातच अपशकुन) चिकट कफ करतो नि नळ्या चिडखोर करतो. फेनो टेस्टमध्ये फुंकताना जो नायट्रिक ऑक्साईड मोजतात तीही मुख्यतः तेराव्याचीच करणी, मोठ्या माणसात ५० च्या वर म्हणजे जास्त, २५ च्या खाली कमी. सिगारेट ओढणाऱ्याचा आकडा फसवा, कमी येतो.

आता खरी गोम. अटॅक आला म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असताना रक्त दिलं तर इओसिनोफिल जवळपास शून्यावर आलेले दिसतात आणि सगळे खूश होतात. म्हणून गोळ्या कधी सुरू कधी बंद ते रिपोर्टवरच पेनाने लिहा. उलट बाजूने, पोटातले जंत किंवा हत्तीरोगाचे जंत असले तरी आकडा वाढतो, हजारांत गेला तर ते आधी तपासायला सांगा.

आकडा खरंच जास्त असेल तर रोजचा स्टेरॉइडचा पंप सहसा चांगला लागू पडतो, कारण तो ही बोंबाबोंबच दाबतो, दम लागला की घ्यायचा निळा पंप फक्त आवळलेल्या नळ्या सैल करतो, आतली सूज तशीच राहते. पंप नीट घेऊनही भागत नसेल तरच इंजेक्शनचा विषय काढा: मेपोलिझुमॅब पाच नंबरला पकडतं, डुपिलुमॅब चार आणि तेराची वाट अडवतं, टेझेपेलुमॅब थेट टीएसएलपीलाच. महाग आहेत. आणि टेस्टसाठी म्हणून मनाने पंप बंद करू नका, चालू आहे एवढं लॅबला सांगा.