गावातलं गर्भपिशवीच्या तोंडाच्या तपासणीचं शिबिर: तयारीची यादी

गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठीची ही तपासणी: तोंडाला पातळ ॲसेटिक ॲसिड लावायचं आणि पांढरा डाग उमटतो का ते बघायचं. मंडप, माईक, नाश्ता नंतर. पहिला फोन जिल्हा रुग्णालयाच्या नाहीतर जवळच्या शासकीय मेडिकल कॉलेजच्या स्त्रीरोग विभागाला. शिबिरात ज्यांना डाग निघेल त्यांना कॉल्पोस्कोपीसाठी (दुर्बिणीतून तोंड बारकाईने बघण्यासाठी) पुढच्या पंधरवड्यात कोणत्या वारी पाठवायचं, ते ठरवून घ्या. तो वार मिळत नसेल तर शिबिर पुढे ढकला. नुसता धसका देऊन बाईला घरी पाठवण्यात अर्थ नाही.

जानेवारी हा या कॅन्सरच्या जनजागृतीचा महिना, म्हणून संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जोडून शिबिर घ्यायचा मोह होतो. घेऊ नका. विधवा बाया तिथे येत नाहीत, आणि तपासणी त्यांनाही हवीच असते. त्यापेक्षा बाजाराचा दिवस धरा. कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते, एरवी दिवस मोडून कोण येईल? बाजाराला जायची घाई दुपारी सुरू होते, म्हणून आठ ते एक. एका बाईला दहा मिनिटं, दोन टेबलं, पाच तास: साठ बायका. त्याहून जास्त नावं घेतली की घाई होते आणि डाग नजरेतून सुटतात. पाळी चालू असलेल्यांसाठी दहा-बारा दिवसांनी दुसरी तारीख त्याच वेळी जाहीर करा.

आशाताईंची यादी ३० ते ६५ वयाची असावी, गरोदर बाया वगळून. पाळी गेलेल्यांची नावं वेगळ्या पानावर घ्या: तपासायचा भाग आत सरकलेला असतो, त्यामुळे ॲसिड लावून डाग बघण्याची ही पद्धत त्यांच्यात फसते. त्यांना पॅप (तोंडाच्या पेशी घेऊन तपासणं) किंवा एचपीव्ही (हा कॅन्सर करणारा विषाणू) चाचणीला पाठवावं लागतं. ‘पिशवी काढली’ म्हणणाऱ्यांना कागद आणायला सांगा. तोंड ठेवलंय की तेही काढलंय, हे त्यावरूनच कळतं.

खोली शाळेची चालेल. खिडक्यांना जाड चादरी लावा, टेबलाची पायाकडची बाजू दाराकडे नको, शेजारी संडास हवा. उजेड पांढऱ्या एलईडीचा, चार्ज केलेल्या दोन बॅटऱ्यांसह. पिवळ्या बल्बखाली फिकट डाग दिसत नाही. स्पेक्युलम (तोंड दिसावं म्हणून आत घालायचं धातूचं साधन) साठ निर्जंतुक करूनच आणा. तिथे उकळत बसायचं आणि वीज गेली की सगळं अडतं. वापरलेले ०.५ टक्के क्लोरीनच्या पाण्यात दहा मिनिटं, लगेच धुवा. तासभर राहिले तर गंजतात.

पाच टक्के ॲसेटिक ॲसिड त्याच सकाळी बनवा: ४७५ मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये २५ मिली ग्लेशियल (पाणी न मिसळलेलं) ॲसेटिक ॲसिड, हातमोजे घालून. पाणी आधी, ॲसिड नंतर. आपल्याकडच्या थंडीत एक गंमत होते: हे ग्लेशियल ॲसिड साधारण १६ अंशांखाली गोठतं आणि पहाटे बाटलीत बर्फासारखा गोळा सापडतो. कोमट पाण्यात बाटली उभी करून सगळं वितळवा, मगच मोजा. अर्धवट वितळलेलं मोजलं तर प्रमाण चुकतं, आणि जास्त तीव्र झालं तर आतली त्वचा भाजते. लावल्यावर पूर्ण एक मिनिट घड्याळात बघून थांबायचं. उरलेलं संध्याकाळी ओतून द्या.

आपल्या खानदेशात बायांना माहिती सांगणारी बाई अहिराणीत बोलणारी हवी, धडगावकडे पावरीत. तिने तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात: पांढरा डाग म्हणजे कॅन्सर नव्हे, पाळी गेल्यावर एकदाही रक्त दिसलं तर दवाखाना गाठायचा, आणि अंडाशयाचा कॅन्सर या तपासणीत कळत नाही. मुलींच्या एचपीव्ही लशीचा विषय निघाला तर ९ ते १४ हे वय सांगा, आणि लस घेतली तरी मोठेपणी तपासणी चुकवायची नाही, हेही.

निकाल माईकवर नाही, टोकन नंबरने आत बोलावून. डाग निघालेल्यांच्या चिठ्ठीवर दवाखान्याचा वार, सोबत येणाऱ्या आशाताईचं नाव, आणि ‘रेशनकार्ड व आधार आणा’ असं लिहा. पुढे उपचार लागलाच तर महात्मा फुले योजनेला ते लागतात. फोन नंबर बहुधा नवऱ्याचा किंवा मुलाचा मिळतो. त्यावर काय निरोप द्यायचा, ते त्या बाईलाच विचारून रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे लिहून ठेवा.